मळ्याचं विरजण

माझ्या वडिलांचा जंतूंवर फार राग होता. अकोल्याला एका दवाखान्यात ते कंपाउंडर होते. दिवसभर तिथे बाटल्या उकळून घरी आले की आमच्यामागे लागायचे: पाणी उकळलं का, नखं कापली का, पेरू धुऊन खाल्ला का. विहिरीत टाकायच्या लाल औषधाची पुडी आमच्या देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या शेजारी असायची. मी मराठी सातवी पास झाले तेव्हा त्यांनी मला बक्षीस म्हणून कार्बोलिक साबणाची वडी दिली, आणि मी ती खरंच आनंदानं घेतली. असल्या घरातली मुलगी पानमळेवाल्यांकडे दिली तर काय होईल, याचा विचार सोयरीक जुळवणाऱ्यांनी करायला हवा होता.

माझं लग्न झालं ते दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा; अंजनगावात मात्र सगळा कारभार पाण्याच्या पाळीवर. मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसलं की ती रमतगमत अंजनगावला आणून सोडायची. चालत्या गाडीतून उतरून बोरं वेचून पुन्हा चढता येतं, असं लोक म्हणत. मी नवी नवरी होते म्हणून बसून राहिले, नाहीतर करून पाहिलं असतं.

सासरी नागवेलीचा मळा होता आणि त्याला लागून, कुंपणाबाहेर, पिंपळीचे वाफे. पिंपळी म्हणजे मिऱ्याची चुलत बहीण. तिची बोटाच्या पेराएवढी हिरवी फळं वाळली की काळी होतात, खोकल्याला मधातून देतात. मुळं वाळवली की त्यांचं पिंपळमूळ, तेही औषधाचंच. पिंपळी बायकांनी खुडायची, पानमळ्यात मात्र बाईनं पाऊल टाकायचं नाही. पुरुषसुद्धा वहाणा काढून, पाय धुऊन आत जात. मळ्याला चारी बाजूंनी गवत-काड्यांच्या उंच तट्ट्या लावलेल्या. तट्टीच्या फटीतून गार, ओला, हिरवा वास यायचा आणि मी तिथे नाक लावून उभी राहायची. मला आत जायचं होतं. दुसरं काही कारण नाही. जिथे जाऊ नको म्हणतात तिथे मला जायचंच असतं.

सासऱ्यांशी सुनेनं थेट बोलायची रीत नव्हती. आम्ही तिघंही अंगणातच असायचो, पण बोलणं सासूबाईंच्या मार्फत चालायचं. त्यांना मी आत्याबाई म्हणे आणि सासऱ्यांना मामाजी.

"आत्याबाई, मामाजींना विचारा, बाईनं पाय धुतले तरी का चालत नाही?"

"आयकलं काय? सूनबाई इचारते, काहून चालत नाही."

"तिले सांग, बाईची सावली पडली का येल जळते."

"तुले सांगून राहिले, येल जळते."

"मग पिंपळी कशी जळत नाही?"

हे आत्याबाईंनी पुढे पोचवलंच नाही. पदर तोंडाला लावून त्या हसत बसल्या. आत्याबाईंना हसू फार लवकर यायचं. गुडघे दुखले तरी हसायच्या, दूध उतू गेलं तरी हसायच्या. मामाजींनी मात्र ऐकलं होतं. ते पडवीतून उठले आणि, अर्थात आत्याबाईंकडेच बघत, म्हणाले, "इहिरीपलीकडच्या तुकड्यात बारा वाफे पिंपळी लाव म्हणा तिले. मृगापर्यंत सारे जगवून दाखव म्हणा. जगले त ये मळ्यात. नाही जगले त चूल आहेच."

माझे यजमान ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. दोन्ही बाजूंना मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

तो तुकडा कसला होता हे सांगायला हवं. वरची काळी माती कुणी तरी पूर्वी विटांसाठी खरवडून नेलेली. खाली उरली ती पिवळट, कोरडी, ढेकळं हातात धरली तर भुगा होणारी. मामाजी काही वेडे नव्हते, जिंकायची पैज त्यांनी बरोबर निवडली होती. तरी मला आनंदाचं भरतं आलं होतं. आधी लावलेली शेवरीची झाडं तिथे सावलीला होती, पाणी होतं, मला अजून काय हवं होतं?

फाल्गुनात लावणी. जुन्या पिंपळीची मुळं सुटलेली कांडी काढून आणायची, ते बेणं. आणि बेण्याबरोबर एक टोपली माती. ही माती जुन्या पानमळ्याच्या आतली, नागवेलीच्या बुडाशी मुरलेली. मामाजी ती स्वतः खणायचे आणि तट्टीवरून बाहेर द्यायचे. घरातल्या थोरल्या बाईनं ती प्रत्येक नव्या वाफ्यात बेण्याच्या बुडाशी मूठमूठ घालायची. तिला म्हणायचे विरजण. आत्याबाईंच्या तोंडी इरजन.

"दह्याले लागते तसं मातीलेही लागते," आत्याबाई म्हणाल्या. "नवी माती म्हणजे कच्चं दूध."

शकुनाचे पहिले दोन वाफे त्यांनी लावून दिले. मग गुडघे धरून उठल्या आणि उरलेले दहा माझ्यावर सोपवून घरी गेल्या. मी टोपलीवरचं फडकं काढलं आणि मागे सरकले. मातीत कुजकी पानं होती, जुन्या मुळांचे तुकडे होते, आणि त्या सगळ्यावर पांढरी जाळी पसरलेली होती. बुरशी! शिळ्या भाकरीवर येते तशी. बेण्याच्या मुळांनाही तीच माती चिकटलेली. वडिलांचा आवाज मला कानात ऐकू आला. माझ्या बाळवेलींना मी हे भरवू?

मी काय केलं ते आता सांगते, तेव्हा दोन महिने कोणाला सांगितलं नाही. टोपली उकिरड्यावर पालथी केली. बेण्याची लोंबती मुळं कात्रीनं छाटली. रुखवतातून आणलेलं लाल औषध घमेल्यात कालवलं, त्यात कांडी तासभर बुडवून ठेवली, मग विहिरीच्या पाण्यानं तीनदा धुतली. कांडी अशी लखलखीत झाली की साखरपुड्याला नेता आली असती. दहा वाफे मी त्या कांड्यांनी लावले आणि साबणानं हात धुऊन जेवायला बसले.

आणि गंमत बघा, चैत्र उजाडला तसे माझे वाफे आत्याबाईंच्या दोन वाफ्यांपेक्षा सरस दिसायला लागले. मी खत म्हणून ढेपेचं पाणी भरपूर देत होते, पाणी रोजच्या रोज होतं, पालवी तकतकीत. मी सकाळी उठून आधी तिकडे पळायची. आत्याबाईंना म्हणायची, "बघा, तुमचे दोन मागेच राहिले." त्या म्हणायच्या, "हाव माय, राहिले खरे." वडिलांना कार्ड लिहिलं की स्वच्छतेचा गुण इथेही येतो आहे. असं कार्ड लिहून वर ते टपालात टाकणारी मी एकटीच मूर्ख असेन.

चैत्र सरता सरता विहिरीचं पाणी खाली गेलं. मोट अर्धी भरून वर यायला लागली. पाण्याचा पहिला मान नागवेलीचा, उरेल ते पिंपळीला. रोजचं पाणी तिसऱ्या दिवसावर गेलं, मग पाचव्या. दुपारी माझे वेल माना टाकायचे. आधी संध्याकाळी सावरायचे, मग तेही बंद झालं. पानांच्या कडा करपल्या. आणि त्याच मातीत, त्याच उन्हात, तेवढ्याच पाण्यावर आत्याबाईंचे दोन वाफे उभे होते. दुपारी थोडे मलूल, दिवे लागायच्या वेळेला पुन्हा ताठ.

त्याच आठवड्यात परतवाड्याहून हकीमसाहेब आले. पांढरी दाढी, डोक्यावर मखमली टोपी, काखेत पिशवी. ते आपल्या औषधांची पिंपळी आमच्याकडूनच न्यायचे आणि वेल बघितल्याशिवाय फळ घ्यायचे नाहीत. मामाजींबरोबर ते विहिरीपलीकडे आले. आत्याबाई आणि मी पदर सावरून बाजूला उभ्या होतो. हकीमसाहेबांनी आधी माझ्या वाफ्यातलं एक मूळ उकरलं, पुसलं, दातांनी चावलं आणि थुंकलं.

"इसमें तो कुछ बोलता ही नहीं," ते म्हणाले. तिखट जिभेला झोंबलं की त्यांच्या भाषेत मूळ 'बोलायचं'. मग आत्याबाईंच्या वाफ्यातलं मूळ चावलं. डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली, आणि खुशीत मान हलवली. "हे बोलून राहिलं, भाऊ! अजून सुतळीएवढं आहे, तरी बोलून राहिलं. ह्या दोन वाफ्याईची माय वेगळी हाये काय?"

ती दोन मुळं त्यांनी मातीच्या ढेकळावर शेजारी शेजारी ठेवली. माझं मूळ गुळगुळीत, आखूड, धुतलेल्या शेवईसारखं. दुसऱ्याला फाटे फुटलेले, आणि पिवळी माती त्याला अशी घट्ट धरून बसलेली की झटकली तरी पडेना. मला तेव्हाच कळलं. उकिरड्यावर पालथी केलेली टोपली डोळ्यांपुढे उभी राहिली.

मामाजींना वेगळंच कळलं. हकीमसाहेब गेल्यावर ते आत्याबाईंना म्हणाले, "बायकाईचा वावर लय झाला इकडे. सावली पडली. आता पिंपळीतबी कोनी याचं नाही. खुडाले मानसं लावीन."

घरी आल्यावर आत्याबाईंनी खुडणीची टोपली उतरंडीमागे सरकवून ठेवली आणि भाकरी थापायला बसल्या. तीस हिवाळे त्यांनी पिंपळी खुडली होती. बाकीच्या बायका गोळा करून, एकमेकींची थट्टा करत, सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत. घराबाहेरचं त्यांचं सगळं जग म्हणजे तेवढे वाफे. मी केलेल्या पापाची शिक्षा त्यांना झाली होती आणि त्यांना वाटत होतं की खरंच आपलीच सावली पडली असेल. त्या दिवशी त्या एकदाही हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी मोटेवर होते. आत्याबाई बाजूला, म्हशीला आंबोण चारत. मी बैलांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले.

"मामाजी, सावली नाही पडली. मी विरजण फेकलं."

मोट थांबली. मी सगळं सांगितलं. उकिरडा, कात्री, लाल औषध, तीनदा धुणं. सांगताना रडत होते आणि रागानं पाय आपटत होते. राग कोणावर होता देव जाणे. मग मागून एक आवाज आला, आधी खोकल्यासारखा, मग फुटलाच.

"माय वो! इरजन धुतलं!" आत्याबाई आंबोणाचं टोपलं सोडून खाली बसल्या होत्या. "पोरीनं दूध तापवलं, साखर घातली, अन् इरजनाले साबन लावला!" त्या हसता हसता डोळे पुसत होत्या, पुन्हा हसत होत्या. मामाजींच्या मिशीचं एक टोक हललं. मग तेही तोंड फिरवून विहिरीत बघायला लागले, पण त्यांचे खांदे हलत होते ते मी पाहिलं. मी एकटी रडत होते, आणि थोड्या वेळानं मलाही ते जमेना.

"आता?" मी विचारलं.

"आता काय," मामाजी म्हणाले. आत्याबाईंकडे न बघता, मलाच. "वर्षातून एकदाच काढाची ती माती. माह्या बापानं दुसऱ्यांदा कधी काढली नाही." मग बैल सोडता सोडता म्हणाले, "टोपली आन."

त्यांनी आत जाऊन माती खणली आणि तट्टीवरून आमच्या हातात दिली. या वेळी मी नाक न मुरडता दोन्ही हात घातले. वेलांच्या बुडाशी बोटानं खळगे करून आत्याबाईंनी आणि मी मूठमूठ माती पुरली, वर पालापाचोळा टाकला. घरातलं धुण्याभांड्याचं पाणी घागरीनं नेऊन घातलं. आत्याबाई मध्येच माझा हात बघायच्या आणि विचारायच्या, "धुतला नाही ना?"

इथे नातीचं सांगून टाकते, नाहीतर ती रागावेल. माझी नात झाडांचं शास्त्र शिकली. तिला हे सगळं सांगितलं तर ती हसली नाही, उलट वही घेऊन बसली. मग एकदा तिनं मला कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पिंपळीचं मूळ दाखवलं. रंगानं निळं केलेलं. मुळाच्या आत, एकेका कप्प्यात, इवल्या झाडासारखे फाटे फुटलेले धागे होते. ही बुरशीच, ती म्हणाली, पण ही मुळाच्या घरात भाडेकरूसारखी राहते. मूळ जिथवर पोचत नाही तिथवर हिचे धागे मातीत जातात, पाणी आणि खतातला कस आणून देतात. वेल त्यांना आपली साखर देतो. उन्हाळा कडक झाला, माती निकस असली, की या सोबतीचा खरा उपयोग. कधी कधी औषधी झाडांचा तिखटपणाही तिच्यामुळे वाढतो म्हणे.

"म्हणजे ती पांढरी जाळी हीच," मी म्हटलं.

"नाही आजी. तुला दिसली ती बहुतेक पाला कुजवणारी, साधी. ही डोळ्यांना दिसत नाही."

मला रागच आला. म्हणजे जिला घाबरले ती निरुपद्रवी, आणि जिला मारलं ती मला दिसलीसुद्धा नव्हती. वडील असते तर त्यांना नेऊन दाखवलं असतं. म्हटलं असतं, बघा बाबा, हे आत राहणारे जंतूच, आणि वेल यांच्या जिवावर उभा आहे. त्यांनी आधी ते यंत्र पुसून घेतलं असतं, हे नक्की.

तेव्हा मात्र आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही फक्त बघत होतो. पंधरा दिवस काहीच फरक पडला नाही. उलट तीन वाफे पुरते गेले, मग आणखी दोन. मी रोज मेलेले वेल उपटायची आणि आत्याबाई म्हणायच्या, "उपट, पन माती नोको फेकू." वैशाख संपत आला तेव्हा एका वाफ्यातले वेल संध्याकाळी पहिल्यांदा मान वर करून उभे दिसले. मी ओरडले इतक्या जोरात की यजमान मळ्यातून धावत आले, साप निघाला समजून. मग दुसरा वाफा सावरला, तिसरा. देठाजवळ लालसर कोंब फुटले. मी वेलांशी बोलायला लागले. आत्याबाई तर त्यांना शिव्याच द्यायच्या, लाडानं, अस्सल वऱ्हाडी.

मृग लागला त्या दिवशी मामाजी विहिरीपलीकडे गेले आणि एकेक वाफा बघून परत आले. माझे दहातले पाच जगले होते. अट सगळ्यांची होती. मी चुलीपुढे बसले आणि पीठ मळायला घेतलं. हरलेली माणसं काम फार मन लावून करतात.

मामाजी सैपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. तिथे ते कधी यायचे नाहीत.

"पाच मेले," ते म्हणाले. मलाच. "माह्या हातचेबी मेले आहेत, लय वेळा. माह्या बापाचेबी. दरवेळी आमी म्हनलं, बाईची सावली. मायची, बहिनीची, हिची." त्यांनी हनुवटीनं आत्याबाईंकडे खूण केली. "तू पहिली, जिनं काहून मेले ते सांगतलं. उद्या सकाळी मळ्यात ये."

माझ्या हाताला पीठ तसंच राहिलं. उठून नाचावंसं वाटत होतं. पण आत्याबाई समोर बसल्या होत्या, लसूण सोलत. माझ्यासाठी हसत होत्या, अगदी मनापासून.

"आणि आत्याबाई?" मी म्हटलं.

मामाजी गोंधळले. "तिले कोनं अडवलं? तिनं तीस वर्षांत कधी इचारलंच नाही."

"इचाराचं असते," आत्याबाई लसणाकडे बघत म्हणाल्या, "हे मले कोनी सांगतलंच नाही."

मामाजी बैलांना पाणी पाजायला म्हणून गेले, जरी बैल पाणी पिऊन बसले होते.

सकाळी आम्ही दोघी गेलो. आत्याबाईंनी नवं लुगडं काढलं होतं, लग्नाला जाताना नेसायचं. मामाजींनी तट्टी बाजूला सरकवून धरली. आत गारवा होता. हिरव्या वेलांच्या रांगाच्या रांगा, शेवरीवर चढलेल्या, आणि पायाखाली ती काळी, मऊ माती. मी सगळीकडे बघत सुटले, हे काय, ते काय, विचारत सुटले. आत्याबाई मात्र एका हातानं गुडघा धरून पहिल्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, पानांना बोटं लावत. टोकाला तट्टी लागली तेव्हा थांबल्या आणि वळून बघितलं.

"एवढाच हाये काय?" त्या म्हणाल्या. "मले वाटे, लय मोठा असन."